पित्ताशयात खडे, पित्तनलिका ११ मिमी, बिलिरुबिन ५.८: आधी ईआरसीपी की थेट ऑपरेशन?

अबोली_नाशिक:

सासूबाईंचे रिपोर्ट देते आहे, जाणकारांनी कृपया बघावेत. वय ६२, वजन ६४ किलो. मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू. दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवला आहे, तेव्हापासून ॲस्पिरिन ७५ आणि क्लोपिडोग्रेल ७५.

शनिवारी रात्री जेवणानंतर उजव्या बरगडीखाली जोराची कळ आली, पाठीकडे गेली, दोन उलट्या झाल्या. तीन-चार तासांनी कळ थांबली. सोमवारपासून लघवी चहासारखी, डोळे पिवळे, अंगभर खाज. ताप नाही, थंडी वाजली नाही.

सोनोग्राफी: पित्ताशयात बरेच खडे, मोठ्यात मोठा ९ मिमी, भिंत ३ मिमी. मुख्य पित्तनलिका ११ मिमी, तिचा खालचा भाग गॅसमुळे दिसला नाही. यकृतातल्या नलिका थोड्या फुगलेल्या. रक्त: बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा आकडा, ५.८ (त्यातलं डायरेक्ट, म्हणजे यकृतातून पुढे गेलेलं, ४.६), यकृत-पित्ताच्या तपासण्या अल्कलाइन फॉस्फेटेज ४२०, एसजीपीटी १८६, पांढऱ्या पेशी ९,२००, लायपेज (स्वादुपिंडाची तपासणी) नॉर्मल, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) ०.९, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) १.६.

डॉक्टरांनी एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय), मग ईआरसीपी (तोंडावाटे दुर्बीण घालून नलिका साफ करणे), मग पित्ताशय काढणे असा क्रम सांगितला आहे. नलिकेतला खडा दुर्बिणीने निघणार असेल तर पित्ताशय काढायचंच कशाला, असं घरच्यांचं म्हणणं. एमआरसीपीशिवाय भागणार नाही का? आणि आयएनआर वाढलाय म्हणजे यकृत खराब झालंय का? नात्यातले एक जण काविळीचं झाडपाल्याचं औषध आणून देतो म्हणतायत, तेही सांगा.

दुर्बीण:

तुमच्या डॉक्टरांचा क्रम बरोबर आहे. का, ते सांगतो.

पित्ताशयातला एखादा खडा घरंगळून मुख्य नलिकेत आलाय आणि खालच्या तोंडाशी अडकलाय, असं हे चित्र दिसतं. पित्ताशय जागेवर असताना या नलिकेची रुंदी साधारण ६ मिमीपर्यंत धरतात. साठीनंतर एखाद-दुसरा मिमी जास्त चालतो, ११ मात्र चालत नाही. बिलिरुबिन ४ च्या वर आणि नलिका फुगलेली, या दोन गोष्टी एकत्र असल्या की २०१९ च्या अमेरिकन निकषांनुसार नलिकेत खडा असण्याची शक्यता 'जास्त' या गटात जाते आणि थेट ईआरसीपी केली तरी चूक ठरत नाही. मग एमआरसीपी कशाला? कारण सोनोग्राफीत खडा दिसलेला नाही, फक्त त्याचे परिणाम दिसलेत. सोनोग्राफी पित्ताशयातले खडे उत्तम पकडते, पण नलिकेचा खालचा टोकाचा भाग लहान आतड्याच्या आणि स्वादुपिंडाच्या मागे दडलेला असतो आणि तिथले खडे तिच्याकडून सर्रास सुटतात. शिवाय वय ६२ आहे. नलिकेची किंवा स्वादुपिंडाच्या डोक्याची गाठ असेल तर सगळा बेतच बदलतो. कळ येऊन मग कावीळ झाली हे खड्याच्या बाजूने आहे (गाठीची कावीळ बहुधा न दुखता, हळूहळू वाढत जाते), पण ईआरसीपीसारखी जोखमीची गोष्ट करण्याआधी नकाशा हातात असलेला बरा.

एमआरसीपीला सुई नाही, रंगद्रव्य नाही. चार ते सहा तास उपाशीपोटी जायचं आणि सांगतील तेव्हा श्वास रोखायचा. हृदयातला स्टेंट सांगून ठेवा, त्याने बहुतेक अडत नाही. पेसमेकर असता तर आधी चौकशी करावी लागली असती. ५ मिमीपेक्षा लहान खडे एमआरसीपीतही निसटतात. रिपोर्टमध्ये 'खडा नाही' आलं आणि कावीळ तशीच राहिली, तर दुर्बिणीच्या टोकावरची सोनोग्राफी, म्हणजे ईयूएस, करतात. बारीक खड्यांसाठी ती सरस.

आयएनआर १.६ ने घाबरू नका. पित्त आतड्यात पोचलं नाही की चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वं शोषली जात नाहीत. त्यात 'के' येतं आणि रक्त गोठवणारे घटक त्याच्यावर तयार होतात. व्हिटॅमिन के १० मिग्रॅ शिरेतून सावकाश देतात आणि १२ ते २४ तासांनी आयएनआर पुन्हा तपासतात. उतरला तर यकृत ठीक आहे, नुसती वाट अडली होती. अजिबात हलला नाही तर मात्र यकृताचा विचार करावा लागतो. नलिकेचं तोंड कापायचं असेल तर तो १.५ च्या खाली हवा.

आता प्रत्यक्ष ईआरसीपी. बाजूला बघणारी दुर्बीण तोंडावाटे लहान आतड्याच्या दुसऱ्या भागापर्यंत नेतात. तिथे एका छोट्या उंचवट्यावर पित्तनलिका उघडते. त्या तोंडातून बारीक तार आत सरकवतात, रंगद्रव्य सोडून एक्स-रेवर खडे बघतात, विजेच्या तारेने तोंड थोडं कापून रुंद करतात आणि फुगा किंवा जाळी वापरून खडे खाली आतड्यात ओढतात. ते शौचावाटे जातात. शेवटी पुन्हा रंगद्रव्य सोडून नलिका रिकामी झाल्याची खात्री करतात. ही शेवटची पायरी रिपोर्टमध्ये लिहिलेली आहे का, ते जरूर बघा. खडा १५ मिमीच्या वर असेल तर तो आधी फोडावा लागतो किंवा तोंड मोठ्या फुग्याने ताणावं लागतं. ९ मिमीला ते सहसा लागत नाही.

मुख्य धोका स्वादुपिंडाला सूज येण्याचा. त्याची नळी त्याच तोंडाशी उघडते, तार चुकून तिकडे पुन्हा पुन्हा गेली की ते चिडतं. शंभरात तीन ते दहा जणांना हे होतं, बहुतेकांना सौम्य. त्यासाठी प्रक्रियेच्या आधी डायक्लोफेनॅक १०० मिग्रॅची गोळी गुदद्वारातून देतात. क्रिएटिनिन ०.९ आहे, म्हणजे मूत्रपिंड ठीक, म्हणून इथे अडचण दिसत नाही, पण हृदयविकार असल्यामुळे ती द्यायची का हे आधी विचारून घ्या. रक्तस्राव शंभरात एक-दोघांना, आतड्याला छिद्र त्याहून कमी.

वॉर्ड_सिस्टर:

वर लिहिलंय त्यात रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं राहिलं. यांच्या बाबतीत तोच खरा कळीचा मुद्दा आहे.

तोंड कापायचं असेल तर क्लोपिडोग्रेल साधारण पाच दिवस आधी बंद करतात, ॲस्पिरिन चालू ठेवतात. पण हृदयात स्टेंट आहे, तेव्हा ती गोळी घरच्यांनी परस्पर बंद करायची नाही. कार्डिऑलॉजिस्टकडून 'अमुक तारखेपासून बंद, अमुक तारखेला सुरू' असं लिहून घ्या आणि तो कागद फाइलच्या सगळ्यात वर लावा. ताप नाही, पांढऱ्या पेशी नॉर्मल, म्हणजे पाच दिवस थांबायला सवड आहे. त्या सवडीत एमआरसीपी आणि व्हिटॅमिन के उरकतं.

या पाच दिवसांत थंडी वाजून ताप आला तर मात्र सगळे बेत रद्द. कावीळ, ताप आणि पोटदुखी एकत्र आली म्हणजे अडलेल्या पित्तात जंतू वाढलेत. बीपी खाली आलं, रुग्ण असंबद्ध बोलायला लागला किंवा लघवी कमी झाली तर अँटिबायोटिकबरोबरच १२ तासांच्या आत नलिका मोकळी करावी लागते. क्लोपिडोग्रेल चालू असलं तरी न कापता नुसता प्लॅस्टिकचा स्टेंट (छोटी नळी) पित्तनलिकेत सरकवून पित्ताला वाट देता येते, खडे नंतर काढतात. मधुमेही आणि वयस्कर माणसाला कधी कधी ताप येतच नाही. नुसती सुस्ती, जेवणावरची वासना उडणं, साखर अचानक वर जाणं एवढंच दिसतं. दर सहा तासांनी थर्मामीटर लावा आणि 'अंग जरा गरम वाटतंय' म्हणून परस्पर पॅरासिटामॉल देऊ नका, त्याने ताप झाकला जातो.

ईआरसीपीच्या दिवशी: घन अन्न सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधी बंद. उपाशीपोटी मेटफॉर्मिन नाही, इन्सुलिन असेल तर डोस विचारून. दातांची कवळी काढून द्या. नखांना मेंदी किंवा नेलपॉलिश नको, बोटाला लावलेल्या यंत्राचं रीडिंग चुकतं.

नंतर: पहिले २४ तास महत्त्वाचे. वरच्या पोटात सतत वाढत जाणारं, पाठीत घुसणारं दुखणं असेल तर लगेच सांगा, लायपेज तपासतील. गॅसने पोट फुगून दुखतं ते वेगळं, वारा सरला की हलकं वाटतं. मानेची किंवा छातीची कातडी दाबल्यावर चुरचुर आवाज आला तर छिद्राची शंका घेतात. आणि काळी, डांबरासारखी शौच पुढच्या दोन आठवड्यांत कधीही झाली तर फोन करायचा. क्लोपिडोग्रेल पुन्हा सुरू झाल्यावर हे होऊ शकतं. लोहाच्या गोळ्या चालू असल्या तर शौच तशीही काळी होते, तेही सांगा.

खलबत्ता:

झाडपाल्याबद्दल स्पष्ट लिहितो. ही अडथळ्याची कावीळ आहे. विषाणूची कावीळ बहुतेक वेळा आपोआप उतरते आणि श्रेय औषध देणाऱ्याला मिळतं. इथे नलिकेत खडा अडकलाय, तो कोणत्याही रसाने सुटत नाही, आणि त्या नादात गेलेल्या आठ दिवसांत पित्तात पू होऊ शकतो. नाकात थेंब घालून पिवळं पाणी काढणं, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवणं यांचाही बिलिरुबिनशी संबंध नाही. उसाचा रस तर या मधुमेही बाईंना देऊच नका.

ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन 'खडे पाडण्याचे' व्हिडिओ फिरतात, तेही कोणीतरी पाठवेलच. शौचात पडणारे ते मऊ हिरवे गोळे म्हणजे तेल आणि पाचकरस यांतून आतड्यात तयार झालेला साबण. कोमट पाण्यात ठेवले की वितळतात. खरा खडा वितळत नाही. उलट एवढं तेल एकदम पोटात गेलं की पित्ताशय जोराने आकुंचन पावतं आणि दुसरा खडा नलिकेत ढकलला जाऊ शकतो.

अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड हे खडे विरघळवणारं खरं औषध आहे, पण त्याला मर्यादा आहेत. खडे ५ मिमीहून लहान, कोलेस्टेरॉलचे (कॅल्शियम नसलेले), पित्ताशय चालू आणि कावीळ नाही, अशांनाच रोज किलोमागे ८ ते १० मिग्रॅ, तेही सहा महिने ते दोन वर्षं. बंद केल्यावर पाच वर्षांत जवळजवळ निम्म्यांना खडे परत होतात. तुमच्याकडे खडा ९ मिमीचा आहे आणि कावीळही आहे, म्हणजे या अटी बसत नाहीत.

खाजेसाठी: कोलेस्टायरामिनची पूड पाण्यात कालवून देतात, पण नलिका पूर्ण बंद असेल तर ती फारशी लागू पडत नाही. दिली तर बाकीच्या गोळ्या तिच्या एक तास आधी किंवा चार तास नंतर, नाहीतर ती त्यांनाही धरून ठेवते.

कात्रीचिमटा:

पित्ताशय कशाला काढायचं, याचं उत्तर. खडे नलिकेत तयार झालेले नाहीत, पित्ताशयातून आलेत. नलिका झाडून घेतली आणि कारखाना तसाच ठेवला तर पुढचा खडा केव्हा येईल सांगता येत नाही, आणि तो येताना स्वादुपिंडाचं तोंडही अडवू शकतो. त्याने स्वादुपिंडाला येणारी सूज जिवावर बेतू शकते. म्हणून ईआरसीपीनंतर पित्ताशय दोन आठवड्यांच्या आत काढावं असं युरोपियन मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. जमल्यास त्याच भरतीत, एक ते तीन दिवसांत. उशीर केला की पित्ताशयाला पुन्हा सूज येते, आजूबाजूचं सगळं चिकटतं आणि ऑपरेशन अवघड होतं.

तुमच्या केसमध्ये आणखी एक कारण आहे. क्लोपिडोग्रेल एकदा बंद करणारच आहात. ईआरसीपी झाली, २४ तास पोट शांत राहिलं, लायपेज वाढलं नाही, तर त्याच बंदीत पित्ताशयही काढून घेता येतं. नाहीतर महिन्याभराने पुन्हा पाच दिवस गोळी बंद, पुन्हा कार्डिऑलॉजिस्ट, पुन्हा भूलतज्ज्ञाची तपासणी. गॅस्ट्रोचे डॉक्टर आणि सर्जन एकमेकांशी बोललेत का, हे तुम्हीच विचारा. दोघं वेगवेगळ्या हॉस्पिटलांत असले की हा दुवा हमखास तुटतो.

काही ठिकाणी एकाच भुलीत पित्ताशय काढून नलिकाही दुर्बिणीतून उघडून साफ करतात. ११ मिमी नलिकेला ते शक्य आहे. पण त्यात हात बसलेला सर्जन हवा. तसा नसेल तर दोन टप्पेच बरे.

ऑपरेशन साधारण असं: बेंबीपाशी १० मिमीचं छिद्र, छातीच्या हाडाखाली दुसरं, उजवीकडे ५ मिमीची दोन. पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, त्यामुळे नंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो, तो हृदयाचा त्रास नव्हे. (यांना स्टेंट आहे, त्यामुळे शंका आली तर ईसीजी काढायला मात्र संकोच नको.) सर्जनचं सगळं लक्ष पित्ताशयाच्या मानेजवळच्या त्रिकोणावर असतं. तिथली चरबी साफ करायची, पित्ताशयाचा खालचा तिसरा भाग यकृतापासून सोडवायचा आणि पित्ताशयात शिरणाऱ्या फक्त दोनच गोष्टी, त्याची नळी आणि रोहिणी, स्पष्ट दिसल्याशिवाय काहीही कापायचं नाही. अमेरिकन सर्जन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे. मुख्य नलिकाच पित्ताशयाची नळी समजून कापली जाणं हा या ऑपरेशनचा सर्वांत वाईट अपघात. हजारात तीन ते पाच वेळा होतो आणि दुरुस्तीला मोठं ऑपरेशन लागतं.

सूज फार असेल आणि त्रिकोण दिसतच नसेल तर पित्ताशयाचा तळाचा भाग ठेवून बाकीचं काढणं किंवा पोट उघडणं, दोन्ही शहाणपणाचं. संमतिपत्रावर 'गरज पडल्यास उघडून' असं असतं, ते वाचून नातेवाईक बिथरतात. १९९० मध्ये जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी भारतातलं पहिलं दुर्बिणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन केलं, तेव्हापासून आजवर हा पर्याय कोणी सोडलेला नाही.

आणखी एक, जे नातेवाईक कधीच विचारत नाहीत. काढलेलं पित्ताशय बायोप्सीला जायलाच हवं. खडे बाटलीत भरून घरी आणतात, शेजाऱ्यांना दाखवतात, पिशवी मात्र कचऱ्यात जाते. क्वचित तिच्यात कॅन्सर निघतो आणि तो भिंतीत किती खोल गेलाय यावर पुढचं ऑपरेशन लागतं की नाही ते ठरतं. गंगेच्या खोऱ्यात आणि ईशान्य भारतात हा कॅन्सर बराच आढळतो, आपल्याकडे कमी, पण तपासणी सगळ्यांची. रिपोर्ट आठवडाभराने येतो, तो आणायची जबाबदारी घरातल्या एकावर टाका.

गडचिरोलीकर:

अवांतर, पण आमच्या भागातल्या वाचकांसाठी. सिकलसेल असलेल्या मुलांमध्ये तांबड्या पेशी सतत फुटत असल्यामुळे दहा-बारा वर्षांच्या वयातही काळे रंगद्रव्याचे खडे होतात. अशांचं बिलिरुबिन एरवीही ३-४ असतं, पण ते इनडायरेक्ट, म्हणजे यकृतात प्रक्रिया होण्याआधीचं. त्यामुळे एकूण आकड्यावर न जाता डायरेक्ट किती ते बघायचं. ऑपरेशनच्या आधी हिमोग्लोबिन १० च्या आसपास आणतात, सलाइन आधीपासून चालू ठेवतात आणि ऑपरेशन थिएटरमध्ये अंग गार पडू देत नाहीत. या तिन्ही गोष्टी लहान दवाखान्यात जमत नसतील तर जिल्ह्याला पाठवलेलं बरं.

अबोली_नाशिक:

सगळ्यांचे आभार. एमआरसीपीत नलिकेच्या खालच्या टोकाला ६ आणि ८ मिमीचे दोन खडे, गाठ नाही. व्हिटॅमिन के दिल्यावर आयएनआर १.१. कार्डिऑलॉजिस्टनी परवानगी लिहून दिली, पाच दिवस पूर्ण झाल्यावर काल ईआरसीपी झाली. दोन्ही खडे निघाले, शेवटच्या फोटोत नलिका रिकामी, तरी नलिकेत ७ फ्रेंचचा (साधारण २.३ मिमी जाडीचा) प्लॅस्टिक स्टेंट ठेवलाय. आज पोट दुखत नाही, लायपेज नॉर्मल. आता सांगतायत घरी जा, कावीळ पूर्ण उतरल्यावर दोन महिन्यांनी पित्ताशय आणि स्टेंट दोन्ही काढू. बिलिरुबिन अजून ४.९ आहे. थांबावं का?

कात्रीचिमटा:

कावीळ पूर्ण उतरायची वाट बघायची गरज नाही. नलिका मोकळी आहे, आयएनआर १.१ आहे, ताप नाही. ऑपरेशनच्या सकाळी फक्त बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फेटेज पुन्हा बघतात. आकडे चढत असतील तर मधल्या काळात आणखी खडा उतरला असं समजून आधी नलिका तपासायची. उतरत असतील तर पुढे जायचं. 'क्लोपिडोग्रेल बंद आहे तोवरच करता येईल का?' असा थेट प्रश्न विचारा. थिएटरची तारीख मिळत नाही हेच खरं कारण असेल, तर दोन आठवड्यांत दुसरीकडे होतंय का ते बघा. गोळी किती दिवस आणखी बंद ठेवायची हे मात्र कार्डिऑलॉजिस्टच सांगतील.

दुर्बीण:

बिलिरुबिन एका दिवसात नॉर्मल होत नाही. त्याचा काही भाग रक्तातल्या अल्ब्युमिनला घट्ट चिकटलेला असतो आणि अल्ब्युमिन दोन-तीन आठवडे टिकतं, तेवढा वेळ तो भाग रेंगाळतो. लघवी आधी स्वच्छ होते, शौचाचा रंग परत येतो, डोळे सगळ्यात शेवटी. दर तीन-चार दिवसांनी आकडा खाली जातोय ना, एवढंच बघा.

स्टेंटचं मात्र मनावर घ्या. नलिका रिकामी असतानाही सूज येऊन तोंड बंद होऊ नये म्हणून ठेवतात, ते ठीक. पण प्लॅस्टिकचा स्टेंट तीन महिन्यांच्या आत निघायलाच हवा. त्यानंतर त्यात गाळ साचतो, तो तुंबतो, ताप-कावीळ परत येते. वर्षानुवर्षं राहिला तर त्याच्याभोवतीच खडा धरतो आणि तो काढणं पहिल्या खड्यापेक्षा अवघड जातं. काही दुखत-खुपत नाही म्हणून लोक विसरतात. काढायला पाच-दहा मिनिटं, साध्या दुर्बिणीने, तोंड पुन्हा कापावं लागत नाही. डिस्चार्ज कार्डावर 'स्टेंट आहे' आणि काढायची तारीख ठळक लिहून घ्या. सर्जनच्या फाइलमध्ये ती नोंद आपोआप जात नाही, तेव्हा त्यांनाही कार्डाची झेरॉक्स द्या.

वॉर्ड_सिस्टर:

आणि पित्ताशय काढल्यावर घरी गेल्यानंतर दोन ते दहा दिवसांत पोट फुगणं, वाढती वेदना, ताप किंवा नाडी सतत १०० च्या वर असं काही झालं तर 'गॅस असेल' म्हणून ओवा देत बसू नका. नळीच्या बंद केलेल्या टोकातून पित्त गळत असू शकतं. सोनोग्राफीत लगेच कळतं. गळती छोटी असेल तर पोटातलं पित्त नळीने काढून ईआरसीपीने स्टेंट टाकला की बहुतेक वेळा बंद होते. आधीचा स्टेंट असला तर उलट मदतच होते. म्हणून ऑपरेशन लवकर ठरलं तर स्टेंट त्याच्या आधी काढायची घाई नको, त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी काढा.

जेवणाचं: पहिले दोन-तीन आठवडे तळलेलं आणि साय-तूप कमी, थोडं थोडं चार-पाच वेळा. मग हळूहळू नेहमीचं. काहींना जेवण झालं की लगेच पातळ शौचाला होते, कारण पित्त आता साठून न राहता सतत आतड्यात उतरतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत थांबतं. नाही थांबलं तर वर खलबत्ता यांनी लिहिलेली तीच कोलेस्टायरामिनची पूड उपयोगी पडते, डॉक्टरांना विचारून.